नागपूरच्या तलावांकडे निवांत सायकलने : अंतर मागाहून, परतीची वेळ आधी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : काही महिन्यांपूर्वी आपले कुटुंब मुंबईहून नागपूरला राहायला आले, आपण दोघे चाळिशीतले आहात, मुलगी बारा वर्षांची आहे आणि तिघांकडेही गिअरच्या साध्या सायकली आहेत. शर्यतीत किंवा विक्रमात कोणालाच रस नाही. रविवारी सकाळी एखाद्या तलावाकाठी किंवा झाडीत जाऊन आरामात परत यायचे आहे, तर कोणत्या वाटा धराव्यात आणि किती किलोमीटर झेपतील, असे आपण विचारले आहे. नागपुरात मी बावीस वर्षे सायकल चालवतो आहे आणि त्यांतली बरीच वर्षे नवख्या मंडळींना सोबत घेऊन जाण्यात गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की किलोमीटरचा हिशेब आपण तूर्त बाजूला ठेवावा आणि घरी किती वाजेपर्यंत परतायचे आहे ते आधी ठरवावे. तलाव कोणता, हे त्या वेळेतून आपोआप निघते.

मुंबईकरांच्या लक्षात चटकन न येणारी गोष्ट म्हणजे नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा वीस-पंचवीस मिनिटे आधी उगवतो. मेच्या मध्यावर साडेपाचच्या सुमारास आणि डिसेंबरअखेरीस पावणेसातच्या सुमारास येथे सूर्योदय होतो. मुंबईच्या सवयीने सहाचा गजर लावून, चहा घेऊन सातला निघणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात चांगला दीड तास उशीर झालेला असतो. समुद्रावरून येणारे वारे येथे नाहीत आणि ऊन कोरडे असल्यामुळे घाम अंगावर दिसत नाही, जागच्या जागी वाळतो. त्यामुळे शरीरातले पाणी कमी होत असल्याचे कळतही नाही. मे २०१३ मध्ये या शहराने ४७.९ अंश सेल्सियस तापमान पाहिले आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. नवख्या मंडळींसाठी मी पाळत आलेला नियम असा : नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात साडेदहापर्यंत, मार्चमध्ये नऊपर्यंत आणि एप्रिल-मेमध्ये साडेसातपर्यंत घरी पोहोचायचे. एकदा मार्चअखेरीस झिल्पीच्या तलावावर गप्पा रंगल्या म्हणून आम्ही तेथून साडेनऊला निघालो. जाताना सर्वांच्या पुढे असलेले, व्यायामाची चांगली सवय असलेले एक गृहस्थ परतताना हिंगण्याच्या अलीकडे पायांत गोळे येऊन रस्त्याकडेला बसले, आणि त्यांना अखेर एका टेम्पोतून घरी आणावे लागले. अंतर तेच होते आणि सायकलही तीच होती; चुकली ती आमची वेळ.

आता भूगोल. नागपूरचे बहुतेक जवळचे तलाव आणि झाडी शहराच्या पश्चिम व वायव्य अंगाला का आहेत, हे एकदा समजून घेतले की नकाशाची फारशी गरज उरत नाही. दख्खनच्या काळ्या खडकाची पूर्वेकडची कड नागपूरपाशी येऊन संपते. त्या खडकाच्या बुटक्या टेकड्या पश्चिमेला आहेत आणि जमिनीचा उतार पूर्वेकडे आहे. ज्या नाग नदीवरून शहराला नाव मिळाले ती पश्चिमेकडच्या लाव्हा नावाच्या गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावते आणि अंबाझरीच्या तलावातून पुढे शहरात शिरते. म्हणजे पाणी अडवायला सोयीची जागा पश्चिमेला, आणि शेतीला फारशा न येणाऱ्या मुरमाड टेकड्याही तिकडेच, म्हणून जंगल तेथे टिकले. सायकलस्वाराच्या दृष्टीने याचा लाभ असा की जाताना किंचित चढ लागतो आणि दमून परतताना किंचित उतार मिळतो.

याची एक उलट बाजूही आहे, आणि तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. सकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीशी असतो, सारे सुंदर दिसते. परतताना तोच सूर्य थेट डोळ्यांत येतो, आणि तो केवळ आपल्याच डोळ्यांत येत नाही, आपल्या मागून येणाऱ्या ट्रकचालकाच्याही डोळ्यांत येतो. त्याला त्या चकाकीत पुढे सायकल आहे की नाही हे दिसायला वेळ लागतो. म्हणून परतीच्या प्रवासात दिवसाउजेडीही मागचा लाल दिवा लुकलुकत ठेवावा, अंगात भडक पिवळा किंवा नारिंगी सदरा असावा, हेल्मेटला पुढे झडप असावी आणि मुलीला नेहमी दोघांच्या मध्ये ठेवावे. परतीची वेळ लवकरची असावी, याचे हे दुसरे कारण.

पहिले तीन-चार रविवार शहर सोडू नये. सेमिनरी हिल्सची झाडी, तिच्या पायथ्याचा फुटाळा आणि तेथून अंबाझरी अशी चक्कर शहराच्या मध्यावरच्या झिरो माइलच्या दगडापासून निघून परत येईपर्यंत पंधरा किलोमीटरच्या आसपास भरते. सेमिनरी हिल्सचा चढ दिसतो त्यापेक्षा सोपा आहे, आणि गिअर केव्हा बदलावा हे मुलीला शिकवण्यासाठी त्याहून चांगली जागा शहरात नाही : चढ सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर टाकायचा, चढावर जोर देत असताना टाकायचा नाही, नाहीतर साखळी उतरते. फुटाळा, म्हणजे जुना तेलंखेडी तलाव, भोसल्यांच्या काळातला आहे. संध्याकाळी तेथे खाण्याच्या गाड्यांची आणि माणसांची इतकी दाटी होते की सायकल हातात धरून चालावे लागते, म्हणून सकाळच बरी. अंबाझरीला बांधावर वर्दळ असते. परंतु तलावाच्या पलीकडच्या अंगाला वनविभागाचे जैवविविधता उद्यान आहे, सुमारे साडेसातशे हेक्टरचे, आणि त्यातल्या मातीच्या वाटांवर मोटारींची भीती नसल्याने मुलांना मोकळे सोडता येते. प्रवेशाच्या वेळा आणि स्वतःची सायकल आत नेण्याचे नियम फाटकावर विचारून घ्यावेत. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीच्या पावसाने अंबाझरी भरून वाहिला आणि खालच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, हे आपण वाचले असेल. मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी सांडव्याच्या बाजूच्या रस्त्यांवर सायकल नेऊ नये, एवढी खूणगाठ त्यातून बांधावी.

वायव्येला काटोल रस्त्यावर गोरेवाडा आहे. तेथला जलाशय १९१२ च्या सुमारास शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधला गेला. पुढे पेंच नदीचे पाणी आले तेव्हा त्याच्या शुद्धीकरणासाठीही हाच परिसर उपयोगी पडला. भोवतालच्या जंगलात आता प्राणिसंग्रहालय आणि सफारी आहे. त्या जंगलात मुक्त बिबटे आहेत, म्हणून कुंपणालगतच्या आडवाटांनी सायकल घालू नये आणि पुरेसे उजाडण्यापूर्वी तेथून जाऊ नये. मला स्वतःला गोरेवाड्याच्या पुढचा भाग अधिक आवडतो. काटोल रस्त्यालगतच्या जुनापाणीला आणि आत वळून माहूरझरीला महापाषाण काळातील शिळावर्तुळे आहेत. मोठाले दगड गोल मांडून केलेल्या या दफनांकडे एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याचे लक्ष गेले. १९७० च्या दशकाच्या आरंभी पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी माहूरझरीला उत्खनन केले, तेव्हा लोखंडी अवजारांबरोबर घोड्यांचे अवशेष आणि त्यांचे तांब्याचे साजही मिळाले. जुनापाणीच्या काही दगडांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात ते स्पष्ट दिसतात आणि सूर्य वर आला की दिसेनासे होतात. बारा वर्षांच्या मुलीला ते शोधायला सांगावे, अर्धा तास कसा गेला कळणार नाही. माहूरझरीलाही तलाव आहे. झिरो माइलपासून तेथपर्यंत सुमारे पंधरा किलोमीटर होतात. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत याच बाजूच्या संत्र्याच्या बागांना आंबिया बहाराची फुले येतात, तेव्हा बागेजवळून जाताना वास आधी येतो आणि झाडे मागाहून दिसतात. मोटारीत काचा वर करून बसलेल्यांना यातले काही मिळत नाही, असे म्हणायचा मोह मला दरवर्षी होतो.

आता झिल्पी, ज्याच्याविषयी आपल्याला अनेकांनी सांगितले असेल. हिंगण्याच्या पुढे कान्होलीबाऱ्याच्या दिशेला मोहगाव झिल्पीचा तलाव आहे. शहराच्या मध्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटर. तीन बाजूंनी बुटक्या टेकड्या, मधे पाणी, आणि हिवाळ्यात त्या पाण्यावर उतरलेले धुके, असे त्याचे रूप आहे. नागपूरच्या सायकलस्वारांचे हे जुने आवडते ठिकाण आहे. तलाव सोपा आहे, अवघड आहे तो शहराबाहेर पडण्याचा भाग. हिंगणा रस्ता औद्योगिक वसाहतीतून जातो. तेथे पाळी सुटण्याच्या आणि भरण्याच्या वेळी कामगारांच्या बसगाड्या, मालाचे ट्रक आणि घाईने निघालेल्या दुचाक्या यांची एकच गर्दी होते. पहाटे याच पट्ट्यात मोकाट कुत्री सायकलच्या मागे लागतात. कुत्रा धावून आला तर वेग वाढवू नये. उतरावे, सायकल आपल्या आणि त्याच्या मधे धरावी आणि चालत पुढे जावे. दहापैकी नऊ वेळा त्याचा उत्साह तेवढ्याने मावळतो.

या सगळ्यावर गेल्या काही वर्षांत एक चांगला उपाय निघाला आहे, तो म्हणजे मेट्रो. नागपूर मेट्रोत सायकल सोबत नेण्याची मुभा दिली गेली आहे, आणि तिची ॲक्वा मार्गिका हिंगणा रस्त्यावरील लोकमान्य नगरपर्यंत जाते. निघण्यापूर्वी स्थानकावर चालू नियम आणि पहिल्या गाडीची वेळ विचारून ठेवावी. लोकमान्य नगरला उतरले की शहराची गर्दी बरीचशी मागे पडते आणि तलाव पंधरा किलोमीटरच्या आसपास उरतो. याचा खरा उपयोग मात्र जाताना नव्हे, परतताना होतो. शेवटचे दहा-बारा किलोमीटर, जे ऊन डोळ्यांवर घेत आणि वाहनांच्या धुरात काढायचे असतात, ते वातानुकूलित डब्यात बसून निघून जातात. कुटुंबाला घेऊन जाणाऱ्यांनी यात कसलाही कमीपणा मानू नये. सायकल पूर्ण चालवूनच परत आणली पाहिजे असा आग्रह धरणारे मित्र मला आहेत, परंतु त्यांच्या मुलांनी सायकल केव्हाच सोडली आहे.

झिल्पीला पोहोचल्यावर पाण्यात उतरू नये. काठाचा गाळ वरून वाळलेला आणि आत मऊ असतो, पाय रुततो, आणि पुढची खोली अंदाजात येत नाही. काठावर बसून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात नागपूरच्या आसपासच्या तलावांवर बाहेरून आलेले पक्षी असतात : नारिंगी रंगाची चक्रवाकांची जोडी, टोकदार शेपटीची तलवार बदके, आणि नशीब असेल तर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस, जे हिमालय ओलांडून येतात. सायकलचा फायदा असा की ती आवाज करीत नाही. तोटा असा की आपण दहा जण मिळून बोलत आलो तर तो फायदा उरत नाही.

पावसाळ्याविषयी सविस्तर लिहितो, कारण मुंबईहून आलेल्या माणसाला पावसाची भीती नसते आणि तीच त्याला नडते. येथे पाऊस त्रास देत नाही, माती देते. पश्चिमेकडची जमीन काळ्या कापसाच्या मातीची आहे. डांबरी रस्ता सोडून शेतातल्या पांदीत शिरलात आणि आदल्या रात्री पाऊस झालेला असेल, तर शंभर पावलांत ती माती टायरला थरावर थर चढत जाते, मडगार्ड आणि टायर यांच्या मधली जागा भरून टाकते आणि चाक फिरायचे थांबते. एका जुलैमध्ये मी जवळची वाट म्हणून अशा पांदीत सायकल घातली आणि पुढचे दोन किलोमीटर ती खांद्यावर घेऊन चाललो. चिखलासकट तिचे वजन दुप्पट झाले असावे असे वाटत होते. तेव्हापासून माझ्या पिशवीत बांबूची एक चपटी काडी असते, माती खरवडण्यासाठी. पावसाळ्यात डांबरी किंवा मुरमाचाच रस्ता धरावा. मुरमावर पाणी थांबत नाही आणि माती चिकटत नाही.

पावसाळ्यानंतर पूर्वेकडे, म्हणजे रामटेकच्या अंगाला वळणे उत्तम. तेथे काळा खडक संपलेला असतो. डोंगराच्या आसपासची माती लालसर आणि वाळूमिश्रित आहे, धानाची हिरवी शेते असतात आणि पानमळे असतात. रामटेक नागपूरपासून पन्नास किलोमीटरच्या घरात आहे आणि मनसरपर्यंतचा रस्ता हा जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. बारा वर्षांच्या मुलीसह त्या महामार्गावर सायकल चालवण्याचा सल्ला मी देणार नाही. सायकली मोटारीच्या मागे बांधून रामटेकला न्याव्यात आणि तेथे चालवाव्यात. गडाच्या पायथ्याशी अंबाळा तलाव आहे, भोवती घाट आणि जुनी मंदिरे आहेत. तेथून काही किलोमीटरवर खिंडसीचा विस्तीर्ण जलाशय आहे, सूर नदीवर १९१३ मध्ये पूर्ण झालेल्या मातीच्या धरणाचा. अंबाळा, गावातली गल्ली, पानमळ्यांच्या कडेचा रस्ता आणि खिंडसी असे फिरून परत आले की वीस किलोमीटरसुद्धा होत नाहीत, आणि सबंध सकाळ सत्कारणी लागते. ऑक्टोबरनंतर या भागात उकडलेले शिंगाडे विकायला असतात. सायकलवरच्या खाण्यासाठी त्याहून सोयीचा पदार्थ मला ठाऊक नाही. कालिदासाने ‘मेघदूता’त सांगितलेला रामगिरी तो हाच, असे मानणाऱ्यांत मीही आहे, परंतु तो वाद येथे नको. याच्याही पूर्वेला भंडारा-गोंदियात कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांचा मोठा प्रदेश लागतो. तो एका रविवारचा विषय नाही.

जंगलाची हद्द कोठे मानावी, हे आपण विचारलेले नाही, पण सांगणे माझे कर्तव्य आहे. पेंच, बोर आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही वाघांची जंगले शहरापासून तास-दीड तासाच्या मोटार प्रवासावर आहेत, आणि वाघ पाटीवरची हद्द वाचत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरालगतच्या मिहान परिसरातही एका वाघाचा वावर आढळला होता. त्या जंगलांच्या आसपासच्या रस्त्यांवर सकाळी सातच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर सायकलवर असू नये. सायकलवरचा माणूस वाकलेला असतो, आवाज करीत नाही आणि वळणावर अचानक समोर येतो. तिन्ही गोष्टी त्या ठिकाणी धोक्याच्या आहेत. प्रत्यक्षात मात्र आपल्याला अधिक भेटतील ते रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरे. रोही पुष्कळदा एकटा नसतो. एक गेला की दुसरा येणार असे समजून थांबावे.

सायकलविषयी फारसे सांगायचे नाही. महागडी घेण्याची गरज नाही. आपल्या आहेत त्या चालतील, फक्त टायर फार अरुंद नसावेत. या भागात पंक्चरची कारणे दोनच : बाभळीचा काटा आणि सराटे. रस्त्याकडेच्या सावलीत सायकल आडवी टाकून बसायची सवय येथे सोडावी, कारण ती सावली पुष्कळदा बाभळीचीच असते. प्रत्येक सायकलच्या मापाची एक जादा ट्यूब, हवा भरायचा छोटा पंप, टायर उतरवायच्या दोन पट्ट्या आणि पान्हा जवळ असावा, आणि ट्यूब बदलण्याचा सराव एकदा घरी करून पाहावा. काटा टायरमध्ये आतून बोटाने चाचपून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये, नाहीतर तीही त्याच जागी फुटते. पाणी दर माणशी तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरावे आणि एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर घालावी. तहान लागण्याची वाट पाहू नये.

राहिला तर्री पोह्यांचा प्रश्न, जो आपण विचारला नाहीत तरी येथे कोणीतरी विचारीलच. जाताना खाऊ नयेत. झणझणीत तर्री पोटात घेऊन चढ चढणे म्हणजे काय, हे मी सांगण्यापेक्षा अनुभव चांगले सांगतो. निघताना केळे किंवा गूळ-शेंगदाणे पुरतात.

आपल्यासाठी माझी मांडणी अशी : पहिला महिना फुटाळा आणि अंबाझरी, दुसऱ्या महिन्यात एकदा माहूरझरी, आणि मुलीला सलग दोन तास सायकलवर बसता येऊ लागले की डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी झिल्पी. सकाळच्या पहिल्या मेट्रोने लोकमान्य नगरला उतरावे, स्वेटर घालून निघावे आणि तासाभरात तो कॅरिअरला बांधावा लागेल हे गृहीत धरावे. घड्याळात नऊ वाजले की तलाव कितीही चांगला दिसत असला तरी सायकली परत फिरवाव्यात, आणि हिंगण्याला थांबून तिघांनी पोहे खावेत, मुलीच्या पोह्यांवर तर्री बेताने घालायला सांगून.